शेहेचाळिसाव्या वर्षी नाच शिकताना

मी छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरच्या एका करसल्लागारांच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. जीएसटीची रिटर्न, ऑडिटची तयारी, बँकेची जुळवणी. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याहून जास्त. घर सिडकोत. घरी नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई. नाच कधी शिकले नव्हते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेत उभी राहिले असेन, तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी तीन गोष्टी मागेपुढे सुरू झाल्या. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की डावी टाच ठणकायची. भिंत धरून चार पावलं चाललं की कमी व्हायची. मान आणि उजवा खांदा आखडलेला असायचा. आणि वार्षिक तपासणीत एचबीएवनसी ६.२ आलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. हा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या वाटेवर. गोळी लगेच नको म्हणाले. वजन थोडं उतरवा, रोज हालचाल करा. टाचेचं दुखणं तळपायाच्या पट्ट्याचं निघालं. टाचेपासून बोटांपर्यंत जाडसर पट्टा असतो, त्याला ताण पडून तो दुखतो. घरात मऊ चप्पल घाला, पोटरीला ताण आणि ताकद देणारे व्यायाम करा, काही आठवडे लांब चालणं टाळा, असं सांगितलं. म्हणजे साखरेसाठी चालायचं आणि टाचेसाठी चालायचं नाही. मला रडू आलं होतं, पण ते घरी आल्यावर.

टाच जरा बरी झाल्यावर सिद्धार्थ उद्यानात फिरायला जाऊ लागले. पावसाळा लागला आणि ते सुटलं. मग घराजवळच्या एका ग्रुप डान्सच्या क्लासला नाव घातलं. मोठ्या आवाजात गाणी, समोर एक मुलगा वेगानं करून दाखवणार आणि मागे तीस बायका उड्या मारणार. जमीन चकचकीत टाइल्सची. तुम्हाला काही दुखणं आहे का, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. पडले नव्हते, पाय मुरगळला नव्हता. सवय नसलेल्या पायांनी कडक जमिनीवर एकदम उड्या मारल्या की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बर्फाचा शेक आणि विश्रांती. तीन महिन्यांची फी एकरकमी घेतली होती, ती परत मिळाली नाही. कोणताही क्लास असो, पहिले दोन महिने तरी फी महिन्याचीच भरा.

नाचाचा विचार मात्र डोक्यातून गेला नाही. आपल्या गावात नाच पाहायची सोय चांगली आहे. एमजीएमच्या परिसरात महागामी गुरुकुल १९९६ पासून आहे. पार्वती दत्ता तिथल्या संचालक. कथक आणि ओडिसी दोन्ही तिथे शिकवतात. त्यांच्या जानेवारीतल्या शार्ङ्गदेव महोत्सवाला मी प्रेक्षक म्हणून जाऊन आले आहे. कथक शिकावं असं मनात होतंच. पण कथक शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलीनं मला तत्कार करून दाखवला. पाय सपाट, जोरात आणि पुन्हा पुन्हा जमिनीवर. माझ्या टाचेला ते झेपणार नव्हतं. टाच ठणठणीत असती तर तिकडेच गेले असते.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, तिची मुलगी गारखेड्याला 'लिरिकल' शिकायला जाते. हा नाच मुळात अमेरिकेतला. बॅले आणि जाझ यांच्या मिश्रणातून गेल्या पन्नासेक वर्षांत तयार झाला. गाणं बहुतेक संथ असतं आणि गाण्याच्या शब्दांत जे असेल ते अंगातून दाखवायचं. ठेका मोजत पाय आपटायचे नाहीत. एका हालचालीतून दुसरी निघते, मध्ये थांबा नाही. अनवाणी करतात किंवा चवड्यापुरता पातळ कापडी जोडा घालतात.

मी नुसतं बघायला गेले. शिकवणारी मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तिनं आधी खुर्ची दिली आणि प्रश्न विचारले. गुडघे, कंबर, रक्तदाब, साखर, चक्कर येते का, पाळी सुरू आहे का, कोणती ऑपरेशनं झाली. टाचेचं ऐकल्यावर म्हणाली, "काकू, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग सुरू करू." क्लासवालीनं गिऱ्हाईक परत पाठवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिथेच माझं ठरलं.

तिच्या हॉलची जमीन लाकडी फळ्यांची आहे. फळ्यांखाली रबराचे तुकडे आहेत, त्यामुळे पाय पडला की जमीन किंचित दबते. हे बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण उडीचा धक्का जमिनीनं थोडा तरी घेतला नाही तर तो सगळा नडगी, गुडघा आणि कमरेला जातो. आमच्याकडे घरोघरी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्यांच्याखाली थेट काँक्रीट. त्यामुळे घरी सराव करायचा तर जाड योगा मॅटवर, आणि उड्या घरी करायच्याच नाहीत, हा तिचा नियम. मोजे घालून सरावही नाही. आमच्या बॅचमधल्या एकजणी मोजे घालून घरी गिरकी घ्यायला गेल्या आणि मनगटावर पडल्या. प्लास्टर घालावं लागलं.

पहिला महिना नाच असा नव्हताच. सगळं काम पावलांचं.

अनवाणी उभं राहायचं. अंगठ्याच्या बुडाशी, करंगळीच्या बुडाशी आणि टाचेवर, असं तीन ठिकाणी वजन सारखं आहे का ते बघायचं. माझं सगळं वजन टाचेवर आणि बाहेरच्या कडेवर असायचं. चपलांचे तळ पाहिले तर तिथेच झिजलेले. मग भिंतीलगतची दांडी हलक्या हातानं धरायची आणि गुडघे हळूहळू वाकवायचे. याला प्लिए म्हणतात. बॅलेमधून आलेलं. खाली जाताना चार मोजायचे, वर येताना चार. गुडघा वाकतो तेव्हा तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे यायला हवा. माझा उजवा गुडघा आत वळायचा. तिनं मला खाली बसून दाखवलं. एक बोट माझ्या गुडघ्यावर, एक बोट माझ्या पावलावर. "काकू, गुडघा बाहेर ढकलू नका. मांडी खुब्यातून वळवा, गुडघा आपोआप येईल." ते करून पाहिलं तर नितंबाच्या खोल स्नायूत ओढ बसली. इतकी वर्षं जिना चढताना त्या गुडघ्यातून बारीक कट्‌ आवाज यायचा. काही आठवड्यांनी तो येईनासा झाला. सगळ्यांचा जाईल असं मी म्हणत नाही. माझा गेला.

नंतर रेलेव्हे, म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर जाणं. इथे मी घाबरले, टाच पुन्हा धरेल म्हणून. पण हळू वर, एक श्वास थांबून, त्याहून हळू खाली, असं केलं की पोटऱ्यांना ताकद येते. टाचेसाठी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही जवळपास हाच होता. फरक इतकाच की घरी एकटीनं तो मी चार दिवस करून सोडला होता आणि इथे गाण्याबरोबर करत होते.

आरशाचं सांगायला हवं. हॉलच्या एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा आहे. पहिले कित्येक दिवस मी त्यात स्वतःकडे बघतच नव्हते. समोरच्या मुलीच्या पाठीकडे बघायचे. पोट दिसायचं, दंड दिसायचे. शिकवणारीच्या लक्षात आलं असावं. ती काही बोलली नाही. तिनं मला दांडीच्या अशा टोकाला उभं केलं, जिथून आरशात फक्त पाय दिसतात. मी पाय बघायला शिकले. वर बघणं नंतर, हळूहळू झालं.

दुसऱ्या महिन्यापासून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं सुरू झालं. एक पाय पुढे सरकतो, दुसरा येऊन त्याला गाठतो. याला शासे म्हणतात. आपल्याकडे लहान मुली घोडा-घोडा खेळताना करतात तेच, फक्त सरकत आणि आवाज न करता. पाऊल पडताना चवडा आधी, मग टाच, आणि गुडघा थोडा वाकलेला. पायाचा आवाज आला तर समजायचं, धक्का सांध्यात गेला. गिरक्यांनी मला गरगरायचं. त्यावर उपाय आहे. समोरच्या भिंतीवर एक खूण धरायची, अंग वळलं तरी डोळे शक्य तितका वेळ तिथेच ठेवायचे आणि मान शेवटी झटकन फिरवायची. तरीही मी पूर्ण गिरकी फार घेत नाही, अर्धीच घेते. शिकवणारी माझ्यासाठी ती अर्धी करून देते. मानेचा स्पॉन्डिलायटिस असणाऱ्यांनी ही मान झटकण्याची हालचाल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नये.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला सगळी गाणी इंग्रजी असायची. कॉलेजच्या मुलींना ती पाठ. आम्हा चार-पाच मोठ्या बायकांना शब्दच कळत नव्हते. हालचाली पाठ करायचो, एक-दोन-तीन-चार मोजायचो, आणि दिसायचं ते कवायतीसारखं. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं सुचवलं, मराठी भावगीत घेऊन बघू या का? शिकवणारी लगेच तयार झाली. गाणं निवडायचं काम आमच्याकडे आलं.

मी 'शीळ' सुचवलं. ना. घ. देशपांडे यांची कविता, जी. एन. जोशी यांनी गायलेली. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डांपैकी, १९३०च्या दशकातली. ना. घ. मेहकरचे. माझं माहेर त्याच बाजूचं, आणि वडील ते गाणं गुणगुणायचे. त्या गाण्यावर नाचायचं म्हटल्यावर मोजणं बंदच झालं. शीळ लांबून येते तिथे आधी फक्त मान वळते. मग छातीत श्वास भरतो आणि त्या श्वासानं खांद्याचं पातं सरकतं, पात्यातून दंड, दंडातून मनगट, सगळ्यात शेवटी बोटं. हात नुसता उचलायचा नाही, तो पाठीतून निघाला पाहिजे. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर येतं, पण पाऊल टाकलं जात नाही. जावंसं वाटतं आणि जात नाही, तेवढंच. एवढ्या एका जागेवर आम्ही दोन आठवडे काम केलं. बाविशीच्या मुली आमच्याकडे बघायला थांबल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

लिरिकल शिकू पाहणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांना मी हेच सांगते, की ज्या गाण्याचे शब्द आपल्या तोंडात बसलेले आहेत तेच गाणं मागून घ्या. व्यायाम म्हणून केलेली कोणतीच गोष्ट माझी टिकली नव्हती. हे टिकलं ते गाण्यामुळे.

खाडे झालेच. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये कित्येक दिवसांचं अंतर पडतं, आणि पाण्याचा दिवस नेमका क्लासच्या वेळेवर आला की बाई घरीच हवी. हौद, टाक्या, पिंप भरणं दुसऱ्या कुणावर सोपवायला मलाच वेळ लागला. आता मुलगा भरतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी हॉल भट्टीसारखा तापतो, म्हणून तेव्हा बॅच सकाळी साडेसहाला असते. उन्हाळ्यात क्लासआधी आणि नंतर पाणी प्यायचंच. जेवण आणि क्लास यांत दोन तास तरी ठेवायचे. ओढणी आणि पायघोळ सलवार नको, पायात येते.

मध्ये एका रविवारी आम्ही काहीजणी औरंगाबाद लेण्यांना गेलो. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात आहेत, बरेच लोक वेरूळला जातात आणि ही राहून जातात. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात भिंतीवर नाचणारी स्त्री कोरलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा वादक, सगळ्या बायकाच. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं काम. मी हे लेणं लहानपणी सहलीत पाहिलं होतं आणि काही लक्षात राहिलं नव्हतं. या वेळी माझी नजर थेट तिच्या कमरेकडे आणि गुडघ्यांकडे गेली. कंबर एका बाजूला झुकलेली, गुडघे सैल, आणि अंगाला कुठेही ताठरपणा नाही. आमच्या निवृत्त बाई तिच्यासमोर उभ्या राहून तसं उभं राहायचा प्रयत्न करत होत्या. पहारेकरी बघत होता, पण त्यांनी पर्वा केली नाही.

शार्ङ्गदेवाचंही असंच झालं. महोत्सवाला जायचे, पण तो कोण हे कधी वाचलं नव्हतं. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या दरबारात होता. तिथे तो हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सातवा अध्याय पूर्ण नाचावर आहे आणि त्यात डोकं, हात, छाती, कुशी, कंबर आणि पावलं यांच्या हालचाली वेगवेगळ्या करून सांगितल्या आहेत. दिवसभर आकडेमोड करणाऱ्या माणसानं हे लिहिलं, याचा मला मनापासून आनंद झाला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

आता तब्येतीचं. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ५.९ आलं. वजन तीन किलो उतरलं. पण याच काळात मी रात्रीचा भात बंद केला होता आणि चहा दोन कपांवर आणला होता. त्यामुळे सगळं श्रेय नाचाला देणार नाही. खांदा सुटला हे मात्र नाचानंच. गच्चीवरच्या वरच्या दोरीवर चादर टाकली आणि हात दुखला नाही, तेव्हा कळलं. झोप सुधारली. महिनाअखेरीला ऑफिसात जी चिडचिड व्हायची ती कमी झाली, असं घरचे म्हणतात. टाच अजूनही सांभाळावी लागते. जास्त उभं राहिलं तर बोलते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम. मध्यम म्हणजे बोलता यावं पण गाता येऊ नये इतकी धाप. लिरिकलच्या तासात सुरुवातीचं ताणणं आणि दांडीचं काम सोडलं तर मला तेवढी धाप लागते. पण आमचा क्लास आठवड्यातून तीनदाच, तेवढ्यानं १५० मिनिटं जेमतेम भरतात. म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीत चालते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात शारीरिक छंदांपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. नाचल्यामुळेच तसं झालं, असं त्यावरून म्हणता येत नाही. कदाचित ज्यांची तब्येत चांगली तेच नाचत असतील. पण पावलं लक्षात ठेवणं, गाणं ऐकणं आणि तोल सांभाळणं एकाच वेळी करताना डोकं किती कामाला लागतं, हे मला रोज जाणवतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बायकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं व्यायामात साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबायचं आणि साखर तोंडात टाकायची. आमच्या हॉलमध्ये खिडकीत ग्लुकोजचा डबा असतोच. दुसरं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी नाचू नका. जखम झाली तरी कळत नाही. पायाला नीट बसणारे बूट घाला. क्लासनंतर तळपाय रोज बघा.

क्लास निवडताना काय बघायचं, असं शेजारच्या बायका विचारतात. आधी नुसतं बसून एक तास बघा. जमिनीवर टाच आपटून बघा, दबते की झणझणते. दुखणं सांगितल्यावर शिकवणारी काय बदलून देते, ते विचारा. तिच्याकडे उत्तर नसेल तर उठून या.

घरात एक गोष्ट आपोआप झाली. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायची, ते त्या बघायच्या. एक दिवस शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मलाही दाखव गं." डॉक्टरांना विचारून सुरू केलं. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचा व्यायाम करावा, असं आरोग्य संघटनाही सांगते. ओटा दोन्ही हातांनी धरून टाचा वर, मग एका हातानं, मग दोन बोटांनी. एका पायावर उभं राहणं ओटा धरूनच, आणि मी मागे उभी असते. रेडिओवर भावगीतं लागलेली असतात. आता त्या बाथरूमचा उंबरठा भिंत न धरता ओलांडतात. त्यांनी मला सांगितलं, तिथली धरायची दांडी काढून टाक, टॉवेल अडकतो. मी काढलेली नाही. टॉवेलसाठी दुसरा खिळा ठोकला.